डावखुऱ्या दस्त्याची नोंद: काजळाचे तीन रविवार

मागच्या नोंदीत एअर रायफलचा दस्ता, म्हणजे तिचा लाकडी भाग, करवतीने नुसता बाहेर काढला होता. आता अ‍ॅक्शन, म्हणजे नळी-स्प्रिंग-ट्रिगरचा लोखंडी भाग, त्यात बसते. म्हणजे बसते असं मला वाटलं होतं.

लेक डावखुरी. आमच्या ४.५ मिमी स्प्रिंग एअर रायफलच्या दस्त्यावर गाल टेकायचा फुगवटा उजव्यांसाठी. बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर तिला क्लबची रायफल मिळते, घरच्या सरावाला ही. म्हणून हा उद्योग.

दस्त्यासाठी अक्रोडच खरा. पण भवानी पेठेत हव्या जाडीच्या तुकड्याचा भाव ऐकला आणि तो तुकडा हळूच परत ठेवला. पाडलेल्या वाड्याच्या तुळईतलं सागवान घेतलं. खडखडीत सुकलेलं, रेषा सरळ. मुठीपाशी दस्ता सगळ्यात बारीक, तिथे रेषा तिरक्या गेल्या तर तडा ठरलेला. सागात सिलिका असते, त्यामुळे पटाशी सारखी दगडावर न्यावी लागते. तुळईत एक खिळाही होता. तोही पटाशीनेच शोधला.

खरी मजा अ‍ॅक्शनसाठी दस्त्यात कोरलेली खाच नीट बसवण्यात. दिव्यावर स्टीलची वाटी उपडी धरून काजळ काढलं आणि खोबरेल तेलाच्या थेंबात कालवलं. ते अ‍ॅक्शनच्या पोटाला बोटाने अगदी पातळ लावायचं, अ‍ॅक्शन खाचेत ठेवून रबरी हातोडीने हलकं ठोकायचं आणि सरळ वर उचलायचं. जिथे काळा डाग, तिथे लाकूड नडतंय. तेवढाच डाग खरवडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या रविवारी असं किती वेळा केलं ते मोजणं सोडून दिलं.

तिसऱ्या रविवारी घाई झाली. मागच्या कोपऱ्यात डागाऐवजी अख्खा काठच छाटला, आता तिथे पोस्टकार्ड सरकतं. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते. अ‍ॅक्शन जरा जरी हलली तरी स्क्रू ढिले होतात आणि छर्रे नेमाच्या कार्डावर फाकतात. तिथे अरल्डाइट (दोन ट्यूबवालं इपॉक्सी) भरणार. साग मुळात तेलकट, वर माझं खोबरेल, म्हणून आधी अ‍ॅसिटोनने दोनदा पुसून. लोखंड चिकटू नये म्हणून अ‍ॅक्शनला बुटाचं पॉलिश.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. ट्रिगरपासून बटपर्यंतचं (खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतचं) माप लेक टी-शर्टमध्ये असताना घेतलं, सव्वातेरा इंच. काल जाडजूड शूटिंग जॅकेट चढवल्यावर म्हणाली, "बाबा, बोट पोचत नाहीये." पाऊण इंच कापला. तुकडा जपून ठेवलाय, पोरगी वाढतेय, पुढच्या वर्षी दोन लांब स्क्रूंनी परत जोडता येईल.

तेलपाणी शेवटी. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. आमच्याकडे ती बाल्कनीत दोरीवर पसरलेली असतात. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारून झालंय.

सध्या गाल टेकायच्या फुगवट्याची उंची चालू आहे. लेक डोळे मिटून, रिकामीच रायफल खांद्याला लावते, मान सैल सोडते आणि मग डोळे उघडते. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या साइटच्या खाचेच्या वर डोकावत असेल तर गाल उंच बसतोय. मग मी कानस उचलतो. आज सकाळपासून सहा वेळा तेच उत्तर: "अजून थोडंसं."