पेशी काढणं सोपं आहे

टीवाय बायोटेकच्या मुलांना टिश्यू इंजिनिअरिंग, म्हणजे पेशींपासून ऊती आणि अवयव घडवणं, शिकवायला आमच्या कॉलेजात उंदराचं हृदय मिळणार नाही. परवानग्या, प्राणीघर, खर्च, एक ना दोन. म्हणून अवयवातल्या पेशी धुऊन काढून नुसता सांगाडा कसा उरवतात ते दाखवायला मी पालकाची जुडी नेते. भाजीवाल्या मावशींना लांब देठाची पानं मुद्दाम मागावी लागतात, कारण द्रावण सोडायची सुई देठातच बसवायची असते. आपल्या मंडईत पालक म्हणून मिळतो तो बहुधा बीटचा भाऊबंद, बीटा व्हल्गॅरिस. मूळ प्रयोगातला तो विलायती पालक, स्पिनॅशिया. शिरांचं जाळं दोघांनाही असतं, तेव्हा आमचं भागतं.

मूळ प्रयोग २०१७ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर पॉलिटेक्निकमधला, ग्लेन गॉडेट आणि जोशुआ गर्शलॅक यांचा. हेक्झेन या द्रावकाने पानावरचं मेण काढायचं, मग देठातून एसडीएसचं द्रावण सोडत राहायचं. शाम्पूला फेस आणतं तेच हे रसायन. ते पेशींची आवरणं विरघळवतं. शेवटी ब्लीच. हिरवं पान पारदर्शक होतं, उरतो तो मुख्यतः सेल्युलोजचा सांगाडा. सलाइनच्या सेटमधून लाल रंग सोडला की तो मधल्या शिरेतून फाट्याफाट्याने कडेपर्यंत सरकतो, आणि एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारी मुलंही टेबलाभोवती गोळा होतात.

वुस्टरच्या मंडळींनी अशा पानावर मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी हृदयपेशी वाढवल्या. त्या २१ दिवसांपर्यंत आकुंचन पावत होत्या. बातम्यांनी लगेच ‘पालकापासून हृदय’ करून टाकलं. मला त्या मथळ्याचा राग येतो. पानाच्या पृष्ठभागावर पेशी थरथरणं वेगळं आणि रक्त पंप करणं वेगळं.

खऱ्या हृदयावर हे आधीच झालं होतं. मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि हॅराल्ड ऑट यांनी उंदराच्या हृदयात महाधमनीतून एसडीएस सोडलं. झडपा, रक्तवाहिन्या, कोलॅजन या प्रथिनाचे तंतू जागच्या जागी राहिले, पेशी धुऊन गेल्या. मग त्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी भरल्या. चौथ्या दिवशी आकुंचन दिसलं. आठव्या दिवशी ते हृदय पंप करू लागलं, प्रौढ हृदयाच्या सुमारे २ टक्के ताकदीने. २००८ साली हे छापून आलं. मी मुलांना तो २ चा आकडा फळ्यावर लिहून ठेवायला लावते.

कारण सगळी अडचण पेशी परत भरण्यातच आहे. केशवाहिनीपासून, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपासून, एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब पडलेल्या पेशीला ऑक्सिजन पोचत नाही, ती मरते. म्हणून तर तयार वाहिन्यांचा सांगाडा हवा. पण नुसत्या वाहिन्या असून उपयोग नाही. त्यांना आतून अस्तराच्या पेशींचा सलग थर लागतो, नाहीतर रक्त गोठतं. शिवाय स्नायूपेशी अब्जावधी लागतात, त्याही एका दिशेने रचलेल्या आणि एका तालात चालणाऱ्या. २०१६ मध्ये ऑट यांच्याच बोस्टनमधल्या गटाने मानवी हृदयाच्या सांगाड्यात सुमारे ५० कोटी पेशी भरल्या. तरी ते काम अंशतःच झालं.

माझी पैज सांगाड्याच्या लगद्यावर आहे. सॅन दिएगोत कॅरेन क्रिस्टमन यांनी डुकराच्या हृदयस्नायूतून पेशी काढून उरलेल्याचं जेल केलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५ रुग्णांना ते कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीतून, टोचलं. २०१९ मधला तो अहवाल मुख्यतः सुरक्षिततेबद्दल आहे. या पद्धतीत पेशी भरायच्याच नसतात, शरीराने आपल्या पेशी त्या जेलमध्ये धाडायच्या. मुलांना मात्र हे ऐकून जरा निराशाच होते. त्यांना अख्खं हृदय हवं असतं.