दगडाला जास्त भाव: एका खेळाची तपासणी

कॅसिनोत येणाऱ्या नव्या खेळांचं गणित तपासणं हे माझं काम. खेळ बनवणारी कंपनी नियम, गणिताची शीट आणि सोर्स कोड पाठवते. आम्ही कंपनीचा आकडा बाजूला ठेवून परतावा, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी खेळाडूला सरासरी परत मिळणारा हिस्सा, नव्याने काढतो आणि मग दोन्ही आकडे जुळतात का ते बघतो. खेळून पाहणं सगळ्यात शेवटी येतं, आणि त्यातून गणिताबद्दल फारसं काही कळतही नाही.

दगड-कागद-कात्रीवर बेतलेला एक खेळ आमच्याकडे आला आणि दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा गणितात पास झाला, तरी माझं समाधान झालेलं नाही.

आधी खेळाचा सांगाडा. खेळाडू एक हात निवडतो, यंत्र एक हात काढतं. जोड्या नऊ: तीन जिंकण्याच्या, तीन हरण्याच्या, तीन बरोबरीच्या. बरोबरीत पैसे परत आणि जिंकल्यावर एकास एक, असा भाव ठेवला तर घराला, म्हणजे कॅसिनोला, काहीच उरत नाही. म्हणून कुठेतरी कात्री लावावी लागते. जिंकल्यावर एकास ०.९५ दिलं तर हाऊस एज, म्हणजे लावलेल्या पैशांतला घराचा सरासरी वाटा, १.६७ टक्के पडतो. बरोबरी घराची धरून एकास १.९ दिलं तर ३.३३ टक्के. तिसरा प्रकार दिसायला सर्वांत सौम्य: जिंकल्यावर पूर्ण एकास एक आणि बरोबरीत 'फक्त अर्धी' रक्कम कापायची. बरोबरी दर तीन डावांत एकदा होते, म्हणजे हा 'फक्त अर्धा' भाग १६.६७ टक्के होतो. असा नियम ज्या खेळात दिसेल तिथे पैसे लावू नयेत, हे मी कोणालाही सांगेन.

आमच्याकडे आलेल्या खेळात बरोबरीत पैसे परत मिळणार होते, पण जिंकण्याचा भाव हातागणिक वेगळा होता. दगडाने जिंकलं तर एकास १.२, कागदाने ०.९, कात्रीने ०.७५. तिघांची सरासरी ०.९५. शीटवर परतावा होता ९८.३३ टक्के. सोबत १० कोटी फेऱ्यांचं सिम्युलेशन, तेही ९८.३३ वर आलेलं. एका फेरीचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती हलतो त्याचं माप) साधारण ०.८० आहे, म्हणजे इतक्या फेऱ्यांनंतर अंदाजातली प्रमाण त्रुटी ०.००८ टक्क्यांच्या आसपास राहते. आकडा अगदी पक्का.

आणि पूर्ण निरुपयोगी. शीटने आणि सिम्युलेशनने, दोघांनीही खेळाडू तिन्ही हात सारख्याच वेळा टाकतो असं धरलं होतं. खेळाडू असं का करेल? दर वेळी दगड टाकणाऱ्याचा हिशोब मांडू. ३०० फेऱ्या, प्रत्येकी १०० लावले. सरासरी १०० फेऱ्या जिंकतो, मिळतात १२,०००. शंभर हरतो, जातात १०,०००. ३०,००० लावून २,००० फायदा, म्हणजे परतावा १०६.६७ टक्के. नुसता कागद टाकणाऱ्याला ९६.६७, नुसती कात्री टाकणाऱ्याला ९१.६७. या तिघांची सरासरी ९८.३३ येते, म्हणून शीटमध्ये काही खटकत नाही.

खेळाडूला निवड असेल तर परतावा त्याच्या सर्वोत्तम निवडीवर मोजायचा, हे या धंद्यातलं पहिलं तत्त्व. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या जुगारविषयक नियम १४.०४० मध्येही परताव्याची किमान ७५ टक्क्यांची अट खेळाडूला सर्वाधिक परतावा देणारी पद्धत धरून तपासायला सांगितली आहे. व्हिडिओ पोकरचं गणित करणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागत नाही. स्लॉट मशीनच्या गणितात घडलेली मंडळी मात्र इथे हमखास अडकतात, कारण स्लॉटमध्ये खेळाडू काहीच ठरवत नाही. सिम्युलेशनवर आंधळा विश्वासही त्याच मंडळींचा. चुकीचं गृहीतक दहा कोटी वेळा चालवलं तरी ते चुकीचंच राहतं.

खेळ परत गेला. भाव तिन्ही हातांना सारखे करा, असा सरळ उपाय आम्ही सुचवला होता. डिझाइनवाल्यांना तो नको होता, कारण वेगवेगळ्या भावांमुळे स्क्रीन रंगतदार दिसते. त्यांनी दुसरा मार्ग काढला आणि गणित म्हणून तो खरोखर सुंदर आहे. भाव तसेच ठेवले, यंत्राच्या हातांना वजनं दिली, म्हणजे कोणता हात किती वेळा पडणार ते कमी-जास्त केलं.

दोन खेळाडूंच्या अशा शून्य-बेरीज खेळाचा (एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा) पाया गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये घातला. यंत्राने कोणता हात किती वेळा टाकला म्हणजे खेळाडूची प्रत्येक निवड सारखीच ठरेल, हे तीन समीकरणांत निघतं. इथे उत्तर येतं: कागद ३८.५७ टक्के, दगड ३१.१६, कात्री ३०.२७. दगडाला भाव जास्त, म्हणून दगडाला हरवणारा कागद यंत्र जास्त वेळा काढणार. मग दगड टाकणाऱ्याला परतावा ९७.७५ टक्के, कागद आणि कात्रीवाल्यांना ९७.७७. घराला फायदा होणार की तोटा, हे तीन भावांच्या सरासरीवर ठरत नाही, गुणाकारावर ठरतं: १.२ × ०.९ × ०.७५ = ०.८१. गुणाकार एकपेक्षा कमी असेल तर वजनं देऊन घराची बाजू राखता येते.

कोडमध्ये ही वजनं १०,००० च्या पट्टीवर होती: ३८५७, ३११६, ३०२७. आरएनजीचा, म्हणजे यादृच्छिक आकडे काढणाऱ्या भागाचा, आकडा या पट्टीवर कसा बसवलाय तेही पाहिलं. ही जागा चुकण्याची. आठ बिटांचा आकडा (० ते २५५) घेऊन तीनने भागून बाकी काढली, तर २५६ ला तीनने पूर्ण भाग जात नाही. एका हाताला ८६ जागा मिळतात, उरलेल्यांना ८५. पट्टीबाहेरचे आकडे टाकून देऊन पुन्हा काढणं हा योग्य मार्ग, आणि इथे तो नीट पाळला होता. यंत्राचा हात मागच्या फेऱ्यांवर अवलंबून नव्हता, खेळाडूच्या निवडीवरही नव्हता. माणसांचं तसं नसतं. चीनच्या झेजियांग विद्यापीठात ३६० विद्यार्थ्यांना हा खेळ प्रत्येकी ३०० फेऱ्या खेळायला लावला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, जिंकलेला माणूस तोच हात पुन्हा टाकण्याकडे झुकतो, असं दिसलं. यंत्रात असा कल राहिला तर तो पैशात मोजता येतो.

दुसरी आवृत्ती बहुतेक पास होणार असं टीममध्ये सगळे धरून चालले होते. मी बाजूच्या पैजा तपासायला घेतल्या. त्यात बरोबरीवर एक वेगळी पैज होती, एकास १.९. पहिल्या आवृत्तीत ती ठीक होती: बरोबरीची शक्यता एक तृतीयांश, परतावा ९६.६७ टक्के. पण आता यंत्र ३८.५७ टक्के वेळा कागद काढतं. खेळाडूने कागद धरला की बरोबरीची शक्यताही ३८.५७ टक्के. ०.३८५७ × २.९ (जिंकलेले १.९ आणि लावलेला १) केलं की १.११८५ येतं. परतावा १११.८५ टक्के! मुख्य पैजेवर १०० आणि बरोबरीवर १०० लावून कागदच टाकत राहणाऱ्याला फेरीमागे सरासरी ९.६३ चा फायदा. मुख्य पैज दुरुस्त करताना बरोबरीची शीट कोणी उघडलीच नव्हती. दोन पैजा एकाच हातावर ठरत असताना त्यांच्या शीट वेगवेगळ्या लोकांकडे देणं, ही कामाची पद्धतच चुकीची आहे.

तिसऱ्या आवृत्तीत बरोबरीचा भाव हातानुसार आला: कागदाला १.५, दगडाला २.१, कात्रीला २.२. परतावा अनुक्रमे ९६.४३, ९६.६० आणि ९६.८६ टक्के. गणितात खोट नाही.

त्यात 'दुप्पट करा' अशी पाच पायऱ्यांची शिडीही आहे. तिथे यंत्र तिन्ही हात सारखे टाकतं, बरोबरी झाली की डाव पुन्हा, म्हणून जिंकण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक पायरीला १.९६ पट. माहितीत ९८ टक्के लिहिलंय, ते एका पायरीचं. पाचही चढायच्या ठरवल्या तर २८.९३ पट मिळतात, रास्त असते ३२. म्हणजे ९०.३९ टक्के. दोन्ही आकडे छापा, अशी नोंद केली आणि कंपनीने ती मानली.

अडलंय ते वजनांपाशी. नेवाडाचा तोच नियम सांगतो की प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या जुगाराची नक्कल असेल तर चिन्हं मूळ खेळाच्या शक्यतेनेच पडली पाहिजेत. इतर यंत्रांत शक्यता स्थिर असली की पुरे. पत्ते आणि फासे यांबाबत शंका नाही. दगड-कागद-कात्री हा कॅसिनोच्या टेबलावरचा खेळ नाही, म्हणून दुसरा भाग लागू, असं कंपनी म्हणते. शब्दांपुरतं ते बरोबर असेलही. पण स्लॉटच्या चक्रावर सगळी चिन्हं सारखी पडतात असं कोणी मानत नाही. समोरच्या हाताबद्दल मात्र प्रत्येक जण तेच मानतो. वजनं मदतीच्या पानांत पार खाली टाकली आहेत. शेजारी मागच्या २० हातांची पट्टी दिसते, आणि तिच्यावरून काहीच कळत नाही. कागद जास्त पडतोय हे खात्रीने म्हणायला सुमारे ७३० फेऱ्या मोजाव्या लागतील.

वजनांचे तिन्ही टक्के खेळाच्या स्क्रीनवर, हातांच्या खालीच दाखवा, अशी माझी अट आहे. मग सगळे कात्रीच टाकतील, असं कंपनीचं म्हणणं. टाकू देत. कात्रीचा परतावा ९७.७७, दगडाचा ९७.७५, आणि बरोबरीची एकही पैज ९६.८६ च्या वर जात नाही. वजनं उघडी केल्याने घराचा एक पैसाही बुडत नाही, हे त्यांच्याच शीटवरून सिद्ध होतं. तो हिशोब मी अहवालाला जोडलाय. उत्तर यायचंय.