दाखल्याच्या आधीची तपासणी

एखाद्या विद्यार्थ्यामध्ये गंभीर मानसिक आजाराची चिन्हे दिसू लागली की त्याच्या मानसशास्त्रीय तपासणीची मागणी होते आणि ती तपासणी प्रत्येकाला वेगळ्या कारणासाठी हवी असते. महाविद्यालयाला तो वसतिगृहात राहण्यास योग्य आहे की नाही, याचा कागद हवा असतो. आई-वडिलांना ‘तसले काही नाही’ एवढेच ऐकायचे असते. विद्यार्थी बहुधा काहीच विचारत नाही. विचारलेच तर हे कुणाकुणाला कळणार, एवढे विचारतो. सांगलीत विद्यार्थी-समुपदेशक म्हणून काम करताना माझे असे मत झाले आहे की, तपासणी नेमक्या कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी चालली आहे, हे आधी लिहून काढल्याशिवाय एकही चाचणी सुरू करू नये. आणि तो प्रश्न विद्यार्थ्याच्या उपचारांचा असावा, संस्थेच्या सोयीचा नसावा.

रक्त तपासून साखर कळते तशी एखादी ‘टेस्ट’ करून आजाराचे नाव कळेल, अशी बहुतेक पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात निदानाचा पाया म्हणजे काळानुसार नोंदवलेली हकिकत. स्किझोफ्रेनिया म्हणजे भास, निराधार संशय आणि विस्कळीत विचार असलेला गंभीर मानसिक आजार. त्याची सुरुवात पुष्कळदा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते, म्हणजे नेमकी अकरावी-बारावी आणि पदवीच्या वर्षांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणानुसार त्याची प्रमुख लक्षणे किमान १ महिना टिकलेली असावी लागतात. अमेरिकेतील डीएसएम-५ या वर्गीकरणानुसार आजाराची चिन्हे सलग ६ महिने दिसावी लागतात. म्हणूनच ‘कधीपासून’ हा प्रश्न ‘काय’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. शिक्षकांनी ‘विचित्र वागतो’ असे लिहून दिले तर त्याचा काही उपयोग नसतो. ‘दिवाळीच्या सुट्टीनंतर मेसमध्ये जेवणे बंद केले, जेवणात काहीतरी कालवतात असे मित्रांना दोनदा सांगितले, रात्रभर जागा असतो, प्रॅक्टिकलच्या वहीत अर्धवट वाक्ये आहेत’ अशी नोंद मात्र मनोविकारतज्ज्ञाच्या फार उपयोगी पडते. अशी नोंद ठेवायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, आणि वर्गशिक्षकाइतकी चांगली ती दुसरे कुणी ठेवू शकत नाही.

त्यानंतरचा टप्पा शारीरिक तपासणीचा आहे आणि तो टाळण्याकडे कल असतो. थायरॉइडचे विकार, अपस्मार (फेफरे), मेंदूला आलेली सूज, गांजासारखे अमली पदार्थ यांमुळेही भास होऊ शकतात किंवा संशय बळावू शकतो. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचे सिव्हिल हाताशी असताना ही पायरी वगळण्याचे कारण नाही. निदान करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. चाचण्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने घ्याव्यात आणि औषधे मनोविकारतज्ज्ञाने द्यावीत. समुपदेशकाने विद्यार्थ्याला त्यांच्यापर्यंत पोहोचवावे आणि नंतरही त्याच्या संपर्कात राहावे.

मुलाखतीत पेहराव, बोलण्याचा वेग, भावस्थिती, विचारांची संगती, भास, स्मरण आणि आपण आजारी आहोत याची स्वतःला असलेली जाण, या सगळ्यांचा विचार होतो. अमूर्त विचार करता येतो का, हे पाहण्यासाठी म्हणीचा अर्थ विचारण्याची जुनी पद्धत आहे. जत तालुक्यातील ज्या मुलाच्या घरी कन्नड बोलतात, त्याला ‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा अर्थ विचारला आणि त्याने खरोखरच अंगणाविषयी सांगायला सुरुवात केली, तर तो विचारांचा दोष म्हणायचा की केवळ भाषेची अडचण? अशा वेळी कन्नड जाणणारी व्यक्ती सोबत असावी, निदान घरच्या भाषेची नोंद अहवालात तरी असावी. श्रद्धेच्या बाबतीतही तेच आहे. जत्रेत, चारचौघांच्या साक्षीने अंगात येणे आणि रिकाम्या खोलीत आपल्याला शिव्या देणारे आवाज ऐकू येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आजार ठरवू नये आणि दुसरीला देवाचे करणे म्हणून सोडून देऊ नये. बाधा झाली म्हणून मुलाला मारहाण करणे हा तर २०१३ च्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

शाईच्या डागांत काय दिसते, हे विचारणाऱ्या चाचणीविषयी पालकांना फार कुतूहल असते. हर्मान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही १० कार्डे आजही वापरली जातात. मात्र केवळ त्यांच्या आधारे निदान करणारा अहवाल मी तरी ग्राह्य मानणार नाही.

आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. ऐकू येणारे आवाज स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा हुकूम देत असतील, तर चाचण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तोवर विद्यार्थ्याला एकटे सोडू नये. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पालकांनाही तिचा आधार घेता येतो.

आता कागदाविषयी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि पूर्वी कधी उपचार झाले होते एवढ्यावरून आज कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. बारावीच्या वर्गात १८ पूर्ण झालेली आणि न झालेली मुले शेजारी बसतात. पहिल्यांच्या बाबतीत संमती त्यांची स्वतःची, दुसऱ्यांच्या बाबतीत पालकांची. त्यामुळे महाविद्यालयाकडे संपूर्ण अहवाल जाण्याचे कारण नाही. विद्यार्थी उपचार घेत आहे, त्याला अमुक तारखेपर्यंत विश्रांती हवी आहे, औषधांमुळे सकाळी गुंगी राहते आणि हात थरथरत असल्याने लिखाण मंदावते, म्हणून हजेरीत व प्रात्यक्षिकांच्या वेळेत सवलत मिळावी, एवढे एका पानाचे पत्र पुरते. वर्ष गेलेच, तर पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येते का, याची चौकशी मुदतीच्या आत करावी लागते, आणि उपचारांच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते.