टाकी झाली, दिवा राहिला

हूक हातात आला आणि त्यामागोमाग मूठभर पांढरी भुकटी केसांत पडली. शिडीवर उभी राहून मी तो नुसता ओढून बघितला होता, दिवा अजून अडकवलाही नव्हता. खाली शिडी धरून उभा असलेला वायरमन मान वर करून म्हणाला, "ताई, हे नुसतं जिप्सम आहे. स्लॅब अजून हातभर वर आहे." आणि त्या हुकाच्या बरोब्बर खाली काठोकाठ भरलेली 675 लिटरची टाकी. तीन दिवे आणि त्यांची फ्रेम मिळून बारा किलो वजन, त्यात वीज, आणि खाली खारं पाणी. त्या दिवशी पुढे काहीच केलं नाही.

तोवर माझी समजूत अशी होती की अवघड भाग संपला. रीफ टाकी (जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) उभी करायची म्हणजे काच, पाइप, पाणी आणि रसायनं. दिवा काय, शेवटी टांगायचा. प्रत्यक्षात टाकी उभी राहायला जेवढे दिवस लागले नाहीत तेवढे दिव्याने खाल्ले.

टाकीचं माप 150 बाय 75 बाय 60 सेंटीमीटर, काच 15 मिलिमीटर जाड. उंची मुद्दामच 60 ठेवली. खोल टाकी दिसते झकास, पण तळाशी पडलेला दगड उचलायला स्टूल लागतं आणि तळापर्यंत उजेड पोचवायला जास्त ताकदीचे दिवे. त्यापेक्षा समोरून मागे रुंदी जास्त असलेली बरी, दगडांची रचना ऐसपैस करता येते. वजनाचा हिशेब मात्र कागदावर मांडल्यावर धडकी भरली. नुसती काचच 140 किलोच्या पुढे. त्यात पाणी, संपमधलं (टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या, छोट्या टाकीतलं) पाणी, दगड, वाळू, स्टँड. सगळं मिळून अकराशे किलोच्या घरात, आणि हा सगळा भार एका चौरस मीटरपेक्षा थोड्याशाच जास्त जागेवर. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलं, तेव्हा त्यांनी मी ठरवलेली खिडकीजवळची जागा रद्द करून टाकी भिंतीलगत, बीमला आडवी ठेवायला लावली. खिडकी गेली याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. उन्हाने वाढणारं शेवाळ आणि तापणारं पाणी वाचलं, हे नंतर कळलं.

स्टँड बसवला, वर हातभर लांबीची पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. मी खूश. वायरमनच्या ओळखीने आलेल्या गवंड्याने पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि दोन टोकं स्टँडच्या दोन कडांना धरली. चार मिलिमीटरचा फरक! दीड मीटरवर चार मिलिमीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण बिनचौकटीच्या काचेवर पाण्याची रेघ तिरकी दिसते, आणि ताणही एका बाजूला जास्त येतो. स्टँडचे पाय फिरवून दोन तास काढले, मग काचेखाली दहा मिलिमीटरचा फोम घातला आणि टाकी चढवली.

पाइपकामात आणखी एक धडा मिळाला, आणि तो फरशीवर मिळाला. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोमधून खाली संपमध्ये उतरतं आणि पंप ते परत वर फेकतो. पंप बंद पडला की वर फेकणारा पाइपच उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी करत राहतो. माझं नोझल पाण्याखाली चार सेंटीमीटर होतं. चार सेंटीमीटर म्हणजे चिमूटभर, असं वाटलं. पण या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे सव्वाअकरा लिटर! पंचेचाळीस लिटर खाली आले, संपमध्ये जागा होती तीस लिटरची. बाकीचे पंधरा आम्ही टॉवेलने टिपले. बरं झालं, चाचणी गोड्या पाण्यावर चालली होती. नोझल वर घेतलं, पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली त्याला एक बारीक भोक पाडलं, म्हणजे पातळी थोडी उतरली की हवा आत शिरून सायफन तुटतो. संपवर मार्करने एक रेघही ओढली: पंप चालू असताना पाणी याच्या वर नको.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. आरओ-डीआय गाळणी लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य आणायचा, मीठ वेगळ्या पिंपात कालवायचं, क्षारता हजारी 35 आणि तापमान 25-26 अंश. एवढ्या पाण्याला सव्वीस-सत्तावीस किलो मीठ लागलं. दगड वाळूच्या आधी, थेट तळावर बसवायचे, नाहीतर वाळू उकरणारा एखादा मासा खालून पाया काढून घेतो. मग अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वाढेपर्यंत पाच आठवडे रिकाम्या टाकीकडे बघत बसायचं. हे पाच आठवडे दिव्यासाठी वापरायचे, असं ठरवलं होतं.

पहिला पर्याय दिव्याबरोबर आलेला क्लँप. तो बारा मिलिमीटरपर्यंतच्या काचेचा, माझी काच पंधराची. संपला विषय. दुसरा, भिंतीतून पुढे आलेले हात. टाकी 75 सेंटीमीटर रुंद, मागे पाइपांसाठी दहा सेंटीमीटर जागा. म्हणजे दिवा मध्यावर यायचा तर हात जवळजवळ अर्धा मीटर पुढे. अर्ध्या मीटरवर बारा किलो लोंबकळले की भिंतीतल्या वरच्या स्क्रूवर किती ओढ येते, हे शाळेतल्या तरफेच्या गणितावरून कळण्यासारखं होतं. भिंत पोकळ विटांची निघाल्यावर तर प्रश्नच मिटला. राहिलं छत. त्या छताने काय केलं ते वर आलंच आहे.

मग रीतसर केलं. टाकी प्लास्टिकने झाकली, कारण सिमेंटची धूळ पाण्यात नको होती. फॉल्स सीलिंगला चार ठिकाणी हात जाईल एवढी भोकं कापली. वायरमनने आधी डिटेक्टर फिरवला. स्लॅबमधून पंख्याच्या पॉइंटकडे विजेचे पाइप गेलेले असतात आणि ड्रिल नेमकं तिथेच जातं, असं तो म्हणाला. एक भोक सळईला लागलं म्हणून दोन बोटं सरकवावं लागलं. 8 मिलिमीटरचे अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये ठोकले, त्यांना आटेवाले रॉड जोडून ते सीलिंगच्या खाली आणले, टोकाला स्टेनलेस कड्या. मग त्याने विचारलं, "आता दिवा लावू?" मी म्हटलं, "आधी वाळू." एकेका कडीला चाळीस किलो वाळूचं पोतं रात्रभर टांगून ठेवलं, अर्थात टाकीच्या कडेला जाड फळी टाकून आणि जिवाची घालमेल होऊ देऊन. चार पॉइंट, चार रात्री. एकही हललं नाही.

फ्रेम अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची, 40 मिलिमीटरची. लोखंड नको होतं, कारण या टाकीवर सदैव मिठाचा बारीक फवारा उडत असतो आणि मीठ कुठेही चढतं. फ्रेम दोन मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस वायर रोपवर टांगली. इथे एक गंमत आहे. तीन दोऱ्यांवर काहीही टांगलं तरी तिन्ही ताठ राहतात, पण चार दोऱ्यांत एक आळशी निघतेच. पाणसळीवर फ्रेम सरळ दिसत होती आणि मागची डावी दोरी मात्र नुसती शोभेला. शेवटी तंबोरा जुळवावा तशा चारही तारा बोटाने छेडत, ग्रिपरमधून मिलिमीटर-मिलिमीटर ओढत, आवाज साधारण सारखा येईपर्यंत बसले. आमच्या घरात संगीताशी माझा आलेला एवढाच संबंध.

एक चूक मात्र दीड महिन्याने सापडली. वायर रोपच्या टोकाला फास करून त्यावर दाबायच्या ज्या बारीक नळ्या मिळाल्या होत्या, त्या तांब्याच्या होत्या. काच पुसताना वर लक्ष गेलं तर एका नळीवर हिरवट पूड. तांबं म्हणजे गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ, सगळ्या बिनकण्याच्या जिवांना विष, आणि ही नळी पाण्याच्या नेमकी वर. त्याच दुपारी चारही काढून स्टेनलेसचे क्लँप लावले. तुम्ही टांगणार असाल तर टाकीच्या वरचा प्रत्येक नट आणि प्रत्येक कडी हातात घेऊन कशाची आहे ते बघा. दिव्यांचे अ‍ॅडॉप्टर फ्रेमवर ठेवू नका, बाजूला न्या. प्लगकडे येणारी वायर आधी प्लगच्या खाली झोळीसारखी सोडा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळीच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि विजेच्या गळतीला तुटणारा ब्रेकर नसेल तर बाकीचं सगळं नंतर.

दिवे लागले, आणि खरा घोटाळा पुढे झाला.

रीफ बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि ती उजेडावर साखर तयार करून यजमानाला पोसतात. समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर पोचतो, म्हणून रीफचे दिवे निळ्याकडे झुकलेले. माझे दिवे पाण्यापासून 20 सेंटीमीटरवर, निळा 40 टक्क्यांवर. मला टाकी अंधारी वाटायची. दादा आला की म्हणायचा, "अगं, एवढे दिवे लावलेस आणि मासे दिसत नाहीत." वाढवलं. 40 चे 70 केले. आणखी छान दिसायला लागलं.

दहाव्या दिवशी सगळ्यात वरच्या दगडावरच्या माँटिपोरा नावाच्या प्रवाळाचा रंग उडायला लागला. आधी फिका, मग कडेपासून पांढरा. शैवालं बाहेर टाकली की प्रवाळाचं मांस पारदर्शक होतं आणि खालचा सांगाडा दिसतो, तोच तो पांढरा रंग. मी पाणी तपासलं. अल्कलिनिटी 8, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1320. सगळं जागच्या जागी. दोनदा तपासलं. मग एका अनुभवी छंदिष्टाने विचारलं, "पार मोजलंत का?" मी म्हटलं, "नाही, पण उजेड तसा कमीच आहे." ते हसले आणि त्यांनी मीटर पाठवून दिला.

पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. आपला डोळा हिरव्याला, 555 नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात तीक्ष्ण. 450 च्या निळ्याला त्याची संवेदना त्याच्या चार टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे निळा दिवा आपल्याला मंद दिसत असतो तेव्हा प्रवाळावर तो आग ओकत असू शकतो. सेन्सर पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधला, टाकीच्या कडेवर दर 15 सेंटीमीटरला टेपच्या खुणा केल्या आणि पन्नास चौकोन, प्रत्येकात पाण्याच्या तीन पातळ्यांवर, असे दीडशे आकडे वहीत उतरवले. लाटांमुळे आकडा नाचत राहतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून मधला घ्यायचा. माँटिपोराच्या जागी 480. पुढच्या डाव्या कोपऱ्यात त्याच क्षणी 70. नव्याने आणलेल्या, सवय नसलेल्या तुकड्याला मी सरळ उन्हात नेऊन बसवलं होतं.

टक्के कमी करणं सोपं होतं, पण त्याने कोपरे आणखी अंधारले असते. फ्रेम उचलणं हा उपाय होता, आणि तिथे त्या चार तारांचं सार्थक झालं. 20 वरून 31 सेंटीमीटर. मध्यावरचा आकडा 330 वर आला, कोपरा शंभराच्या पुढे गेला. उजेड पसरला. पहिल्या आठवड्यात दिवे निम्म्यावर, मग दर आठवड्याला थोडे वर, सहा आठवड्यांत ठरलेल्या जागी. मशरूम कोरल आणि झोअँथिड खाली सावलीत नेले. हॅमर कोरल मध्ये, शंभर-दीडशेच्या पट्ट्यात. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांत म्हणे हे एवढं करावं लागत नसे, त्यांचा उजेड एकसारखा पसरायचा. पण ते भट्टीसारखे तापायचे, सगळंच कसं मिळणार.

माँटिपोराचा अर्धा भाग गेला. उरलेल्या अर्ध्यावर तीन महिन्यांनी कडेला एक पांढरी रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. भिंग लावून पाहिलं. ती वाढीची कड होती. रंग अजून पोचलेला नाही अशी नवी, नखाएवढ्या जाडीची.

पुढे मी स्वतःचा मीटर घेतला. तारांवर 31 सेंटीमीटरच्या खुणेला काळी टेप गुंडाळली आहे. काच घासायची असली की फ्रेम वर ओढायची आणि मग टेपपर्यंत परत आणायची. दादा अजून येतो, अजून म्हणतो, "जरा वाढव की गं, किती अंधार." मी त्याच्या हातात सेन्सरचा पाइप देते. तो आकडा मोठ्याने वाचतो, मान डोलावतो, आणि मग खिशातून मोबाइलचा टॉर्च काढून मासे शोधायला लागतो.