पियानोचं वय समोरच्या पाटीवर नसतं

भाचीला पियानो हवा होता. नवा परवडत नव्हता आणि कीबोर्डवर पुढचं शिकवायला तिच्या बाई तयार नव्हत्या. म्हणून जुना उभा पियानो बघायला ती निघाली आणि "मामा, तुम्हाला लोखंडातलं कळतं" म्हणत मलाही ओढलं. माझी सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मशीन शॉपवर झाली. संगीतात माझी मजल पेटीपर्यंतच. पण पियानोचं पुढचं फळकूट काढलं की आत बीड, पोलादी तारा, लाकूड आणि फेल्ट असतं, आणि ते वाचायला स्वरज्ञान लागत नाही.

पहिला पियानो चरईत, एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर होता. आजींच्या सासऱ्यांनी घेतलेला. मुलाने जाहिरातीत लिहिलं होतं, 'दीडशे वर्षांचा ब्रिटिश अँटिक'. पट्ट्यांवरच्या झाकणाला लंडनच्या एका पेढीचं नाव, सोनेरी अक्षरांत. या नावावर मी फार विसंबत नाही. पूर्वी कित्येक दुकानदार दुसऱ्याकडून पियानो बनवून घेऊन त्यावर आपलं नाव घालत. शिवाय नावाखाली स्थापनेचं साल असेल तर लोक तेच पियानोचं वय धरून चालतात. स्टाइनवे, बेखस्टाइन आणि ब्लूथनर ही तिन्ही घराणी १८५३ साली सुरू झाली, आणि तिघांचे पियानो आजही बनतात. म्हणजे १८५३ वाचून काय कळलं? काही नाही.

"आजी, वरचं उघडू का?"

"उघडा की. धुळीशिवाय काय निघणार?"

वरचं झाकण उचललं, आतल्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या फिरवल्या आणि पुढचं फळकूट अलगद बाहेर आलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पदकांची चित्रं छापलेली होती. त्यातलं सगळ्यात अलीकडचं पॅरिस, १८८९. आयफेल टॉवर ज्या प्रदर्शनासाठी उभा राहिला तेच हे. पदक मिळण्याआधी ते छापणार कसं? तेव्हा दीडशे वर्षांची गोष्ट तिथेच निकालात निघाली. मुलाचा चेहरा पडला, आजी मात्र हसत होत्या.

मग सालाची वरची हद्द शोधायची. पियानोच्या पट्ट्या सुट्या निघतात, आणि स्वर जुळवणाऱ्या ट्यूनर मंडळींना डावीकडच्या पहिल्या पट्टीच्या कडेवर पेन्सिलीने सही-तारीख टाकायची सवय असते. ही पट्टी उचलली तर खालच्या लाकडावर फिकट अक्षरांत सही आणि 'बॉम्बे, जून १९११'. अक्षर इतकं घोटीव की आमच्या टूल रूमच्या रजिस्टरात शोभलं असतं. म्हणजे हा नग १८८९ ते १९११ यांच्या मधला. बाकीच्या खुणाही तेच सांगत होत्या. पुढच्या फळकुटावर मेणबत्तीच्या ब्रॅकेटची स्क्रूची भोकं होती. उजवीकडची शेवटची पट्टी 'ए' स्वराची, म्हणजे पट्ट्या ८५. आजच्या ८८ पट्ट्यांच्या पियानोत शेवट 'सी'वर होतो, म्हणून सगळ्या मोजत बसावं लागत नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर रुंद भाग आणि अरुंद शेपूट यांच्यामध्ये केसाएवढा सांधा दिसत होता. हा हस्तिदंत. प्लास्टिकचं आवरण अखंड असतं. आणि हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे मुलाला सांगावं लागलं. जाहिरात देताना कुणी याचा विचार करत नाही.

पण माझ्या मते घेणाऱ्याने वयापेक्षा जात बघावी. या पियानोच्या तारा सगळ्या उभ्या, एकमेकींना समांतर. खर्जाच्या तारा बाकीच्यांवरून तिरप्या नेलेल्या नव्हत्या. तिरप्या नेल्या की तेवढ्याच उंचीत लांब तार बसते आणि खर्ज भरदार येतो. आवाज थांबवणारे डॅम्पर तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या वर, वायरींच्या पिंजऱ्यात अडकलेले. असे डॅम्पर आवाज झटकन थांबवत नाहीत, आणि दुरुस्तीला हात घालायचा तर आधी तो पिंजरा सोडवा. बिडाची फ्रेमही पूर्ण नव्हती. खुंट्या बसतात तो लाकडी ठोकळा वर उघडाच. आधुनिक पियानोत तारांचा एकूण ताण १६ ते २० टनांच्या घरात जातो, तो पूर्ण बिडाच्या फ्रेमवर. इथे त्यातला बराच भार खाडीची हवा खाल्लेल्या लाकडावर. भाचीने मधला 'ए' दाबला, मोबाइलवरच्या ट्यूनरने 'जी शार्प' दाखवला. अख्खा अर्धा स्वर खाली. वर चढवायला गेलं तर तारा तुटणार नाहीतर खुंट्या धरणार नाहीत. आजींना तसं सांगून, चहा घेऊन निघालो.

दुसरा खारघरला. यामाहा, काळा, चकचकीत. मालक म्हणाले, "नव्वद-ब्याण्णवचा आहे." टेप लावला तर उंची १२१ सेंटिमीटर, म्हणजे यू१ हे मॉडेल; यू३ असता तर १३१ भरला असता. झाकण उघडून टॉर्च मारला. फ्रेमवर 'निप्पॉन गक्की' असं ओतीव नाव. कंपनीने हे नाव १९८७ मध्ये सोडून यामाहा कॉर्पोरेशन केलं, म्हणजे नव्वदचा प्रश्नच मिटला. शेजारी 'यू१एच' आणि सात आकडी नंबर, २४ लाखांच्या वरचा. यामाहाचे नंबर सालवार छापलेले मिळतात. त्यात हा १९७७ च्या आसपास बसतो. मालक खोटं बोलत होते असं नाही, त्यांना विकणाऱ्याने तेच सांगितलेलं.

आतून मात्र माल चांगला निघाला. पूर्ण फ्रेम, तिरप्या खर्जाच्या तारा, हातोड्यांच्या फेल्टवर चऱ्या उथळ, कसर कुठेच नाही, खुंट्यांवर गंज नावापुरता. वयाची पंधरा वर्षं वाढली म्हटल्यावर किंमत उतरली. किती ते लिहीत नाही, मालक हे वाचतील.

सव्वादोनशे किलोचा हा ऐवज घोडबंदरच्या तेराव्या मजल्यावर सामानाच्या लिफ्टने गेला. ट्यूनरने दोन आठवडे थांबायला सांगितलंय, जागेची हवा लागू दे म्हणून. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून आत खाली २५ वॅटचा बल्ब लावायचा आहे. वायर बाहेर कुठून काढायची ते मी बघून आलोय. मागच्या बाजूला जागा आहे, भोक पाडावं लागणार नाही.