वॉशिंग्टन क्रॉसिंग, प्रिन्स्टन, मॉनमथ: याच क्रमाने पाहा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गणितं नकाशावर नीट उलगडत नाहीत, जमिनीवर चटकन उलगडतात. त्यासाठी न्यू जर्सीतली तीन स्टेट पार्क पुरेशी आहेत. वॉशिंग्टन क्रॉसिंग आणि प्रिन्स्टन एका दिवसात होतात, मॉनमथला वेगळा दिवस द्या.

सुरुवात मात्र डेलावेअर नदीच्या पलीकडच्या, पेनसिल्व्हेनियातल्या काठावरून करा, कारण जॉर्ज वॉशिंग्टनचं अमेरिकन सैन्य ब्रिटिशांच्या बाजूच्या ट्रेंटनवर हल्ला करायला तिथून निघालं. तिथलं पार्क वेगळं आहे आणि त्यात सैन्याने वापरलेल्या डरहॅम या मालवाहू होड्यांच्या चाळीस फुटी प्रतिकृती आहेत. त्या आधी पाहा, मग गाडी तिथेच ठेवून पूल पायी ओलांडा. गाड्यांचा रस्ता फार अरुंद आहे, चालणाऱ्यांसाठी बाजूला वाट आहे. मधोमध थांबलात की रुंदीचा आणि प्रवाहाचा अंदाज येतो. 25 डिसेंबर 1776 च्या रात्री सुमारे 2,400 सैनिक, 18 तोफा आणि घोडे इथून पार झाले. मध्यरात्रीपर्यंत उरकायचं काम वादळ आणि वाहत्या बर्फामुळे पहाटे तीनपर्यंत लांबलं, कूच चारला झालं. ट्रेंटन नऊ मैलांवर. अंधारात गाठायचा बेत फसला आणि हल्ला सकाळी आठच्या सुमारास झाला, तरीही सुमारे 900 हेसियन, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे भाडोत्री जर्मन, सैनिक कैद झाले.

नाताळच्या दिवशी या प्रसंगाचं सादरीकरण होतं, पण पाणी चढलेलं असलं किंवा वारा जोराचा असला तर होड्या सोडत नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला रंगीत तालीम असते, गर्दी टाळायची तर ती गाठा.

प्रिन्स्टनचं मैदान लहान आहे, पण तिथवर पोचण्याची हकिकत मोठी. 2 जानेवारी 1777 ला चिखलाने ट्रेंटनकडे येणाऱ्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला दिवसभर रखडवलं. रात्री थंडी पडून तोच चिखल गोठला. शेकोट्या पेटत्या ठेवून वॉशिंग्टन आडवाटेने प्रिन्स्टनकडे निसटला, तोफांच्या चाकांना चिंध्या गुंडाळून. सकाळी अमेरिकन सेनानी ह्यू मर्सरच्या तुकडीची ब्रिटिशांशी अचानक गाठ पडली. संगिनींनी घायाळ झालेला मर्सर नऊ दिवसांनी क्लार्क हाऊसमध्ये वारला. ते घर आजही उभं आहे. मर्सरच्या नावाचा ओक 2000 साली कोसळला. त्याच्याच बीपासून वाढवलेलं झाड आता तिथे आहे. रस्त्यापलीकडचे खांब ओलांडून मागे जा. दोन्ही बाजूंच्या सैनिकांचं दफन तिथे एकत्रच आहे, आणि बरेच लोक तिथवर जातच नाहीत.

इथे हिवाळ्यात गेलेलं उत्तम. पानं गळली की जमिनीचे चढउतार दिसतात.

मॉनमथ उन्हाळ्यातच पाहावं, असं माझं ठाम मत आहे. 28 जून 1778 ची लढाई भयंकर उकाड्यात झाली आणि कित्येक सैनिक गोळीने नव्हे, उष्माघाताने गेले. मैदानात सावली जवळजवळ नाही, म्हणून टोपी आणि भरपूर पाणी घ्या. गवतात गोचिडी असतात. फुलपँट घाला, मोजे तिच्यावर ओढा, परतल्यावर अंग तपासा.

अभ्यागत केंद्र कोम्ब्स हिलवर आहे. दारासमोरूनच खाली पाहा. अमेरिकन सेनानी ग्रीनच्या तोफा याच टेकडीवर होत्या आणि त्यांनी ब्रिटिश रांगेवर बाजूने मारा केला. ब्रिटिशांनी टेकडी हिसकावून का घेतली नाही, याचं उत्तर पायथ्याच्या दलदलीत आहे. मग उतरून कुंपणझाडीच्या जागेपर्यंत चाला. वॉशिंग्टनच्या हाताखालचा सेनानी चार्ल्स लीची माघार आणि वॉशिंग्टनने सावरलेली आघाडी तिथे पायांना कळते.

मैदानं दिवसभर खुली असली तरी घरं आणि संग्रहालयं ठराविक वारीच उघडतात, निघण्यापूर्वी वेळा तपासा. शिशाची गोळी दिसली तर उचलू नका, कर्मचाऱ्यांना जागा दाखवा. मॉनमथवर सैन्याच्या रांगा नेमक्या कुठे होत्या, हे उत्खननात सापडलेल्या गोळ्यांच्या जागा नोंदवूनच ठरवता आलं. उचललेली गोळी त्या कामी येत नाही.