कळपाबाहेरचा शब्द

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवाव्यात, असे शाळेचे पत्र आले आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते आपले इंग्रजीचे सर. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. प्रार्थना संपवून आम्ही वर्गात येईपर्यंत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक अवघड शब्द लिहिलेला असे. सर त्याचा अर्थ लगेच सांगत नसत, आधी शब्दाची फोड करत. 'मॅग्नॅनिमस' असाच फोडला होता : लॅटिनमध्ये मॅग्नस म्हणजे मोठा, ॲनिमस म्हणजे मन, "म्हणजे आपला महामनाच की रे!" तो शब्द मला कधीच पाठ करावा लागला नाही.

या फोडीवर मी एकदा नको इतका विसंबलो. नववीत शिक्षकदिनाच्या भाषणासाठी भारदस्त शब्द हवा, म्हणून करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जाडजूड कोश उघडला; 'एग्रीजिअस' म्हणजे मुळात कळपातून उठून दिसणारा, एवढे वाचले, पुढचे वाचलेच नाही, आणि भर सभेत सरांना 'एग्रीजिअस टीचर' म्हणून मोकळा झालो. पाहुणे चपापले. सर शांत होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तोच शब्द होता आणि शेजारी 'ग्रिगेरिअस', म्हणजे माणसांत रमणारा. दोन्हींच्या पोटात कळप या अर्थाचा एकच लॅटिन शब्द आहे, हे दाखवून सर म्हणाले, "सोळाव्या शतकात तुझे भाषण खपले असते. आता हा शब्द घोडचुकीला लावतात. अरे, दिवटा म्हणजे मशालच. पण कुणाच्या पोराला 'दिवटा' म्हणून बघ की!"

आज विम्याचे इंग्रजी मसुदे तपासताना एखादा शब्द खटकला, की कोशाआधी मी त्याचे आजूबाजूचे शब्द पाहतो, ते त्या दिवसापासून. माझा मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी शब्दांच्या याद्या घोकतो. त्याच्या यादीत 'एग्रीजिअस' समोर 'फार वाईट' एवढेच आहे, आणि परीक्षेत त्याला त्याचे गुणही मिळतील. शाळेत आता फळ्याऐवजी पडदा आला आहे म्हणे. त्याला उजवा कोपरा ठेवला आहे की नाही, कोण जाणे.

भाषणाची वही अजून माझ्याकडे आहे. सरांनी तो शब्द खोडलेला नाही, समासात लाल शाईने फक्त 'दिवटा' असे लिहिले आहे. ते शब्दाबद्दल की माझ्याबद्दल, हे विचारायचे राहून गेले.